144 गुण आणि रात्रपाळीची नोकरी

मॅडम, नमस्कार.

मी निफाड तालुक्यातल्या एका गावची. 2018 ला नीट पास झाले, पण सरकारीत नंबर लागला नाही आणि खासगीची फी आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणून किर्गिझस्तानला, बिश्केकमध्ये एमबीबीएस केलं. 2023 मध्ये डिग्री घेऊन घरी आले. तेव्हापासून एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकून आलेल्यांना इथे डॉक्टर म्हणून नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा, तीनदा दिली. पहिल्यांदा 118, मग 139 आणि आताच्या निकालात 144. पास व्हायला 150 लागतात. मध्ये दिल्लीला गौतम नगरमध्ये राहून क्लासही केला. दर वेळी ॲनॅटॉमीपासून नीट सुरुवात करते आणि शेवटचे विषय घाईत उरकावे लागतात. पीएसएम (सार्वजनिक आरोग्याचा विषय) तर सरावाच्या ग्रँड टेस्टमध्ये 30 पैकी 12 च्या वर गेलेलंच नाही.

वडिलांची द्राक्षबाग आहे. माझ्या शिक्षणाचं बँकेचं कर्ज, वर सोसायटीचं. फाटकावर त्यांनी माझ्या नावामागे 'डॉ.' लिहिलेली पाटी लावली आहे. गावात सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात, मला मान वर करवत नाही. आता नाशिकमधल्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या हॉस्पिटलात रात्रपाळीला आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून बोलावलंय. पंचवीस हजार देणार. 'केसपेपरवर सही माझी, तू फक्त बघायचं, अडलं तर फोन कर,' म्हणाले. माझ्या बॅचचे काही जण असंच करतात. शिवाय एका माणसाचा सारखा फोन येतो की पैसे भरा, पासचं सर्टिफिकेट मिळवून देतो. त्याला मी नाहीच म्हटलंय. पण बाकीचं कळत नाही. ही परीक्षाच आमच्यावर अन्याय आहे असं वाटतं. सगळ्यांना एकच अशी 'नेक्स्ट' ही नवी परीक्षा येईपर्यंत थांबू? नोकरी धरू? की हे सगळं सोडून घरचे म्हणतात तसं लग्न करून मोकळी होऊ?

– एक मुलगी, निफाड तालुका

---

तुझं पत्र वाचलं आणि आधी 144 या आकड्याशी थांबले. सहा प्रश्न कमी पडले. पण 118 वरून 144 वर आलीस, म्हणजे सव्वीस प्रश्न तू स्वतःच्या कष्टाने वाढवलेस. निकालाच्या दिवशी कुणी तुला हे सांगितलं नसणार, म्हणून आधी ते सांगते. त्या फोनवाल्याला नाही म्हणालीस, तेही फार बरं केलंस. त्याच्याबद्दल पुढे बोलते. आधी नोकरीचं बोलू, कारण ते उद्याचं आहे.

ती नोकरी घेऊ नकोस. पंचवीस हजारांची तुझ्या घरात काय किंमत आहे ते मला कळतं, तरीही सांगते, घेऊ नकोस. का, ते तुझ्याच भागातल्या एका केसवरून सांगते.

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की तुमच्याकडे फवारण्यांचं चक्र सुरू होतं. सगळी औषधं सारखी नसतात. डाउनी-भुरीची बुरशीनाशकं वेगळी, थ्रिप्स-मिलीबगची कीटकनाशकं वेगळी, आणि त्यातली काही ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे माणसाच्या मज्जासंस्थेलाही विषारी. समज, रात्री दोन वाजता फवारणीवर असलेल्या एका माणसाला जीपमधून आणलं. घामाने निथळतोय, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, छातीला स्टेथो लावला तर घरघर. बाटली सोबत आणलीय की नाही, कुणालाच माहीत नाही. आधी कपडे काढून अंग धुवायला लावायचं, श्वासाची वाट मोकळी करायची आणि उतारा म्हणून ॲट्रोपिन सुरू करायचं. पहिल्या डोसने भागलं नाही तर दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं. थांबायचं कधी? नवखी माणसं इथे बाहुल्यांकडे बघत बसतात. थांबायचं ते छाती कोरडी झाल्यावर, नाडी आणि बीपी सावरल्यावर. बाहुल्या नंतर मोठ्या होतील किंवा होणारही नाहीत, त्यावर डोस ठरत नाही. आणि रुग्ण सुधारला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी सोडला, तर एक ते चार दिवसांच्या आत त्याला मान उचलता येईनाशी होऊ शकते, मग श्वासाचे स्नायू थकतात. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. वाचलेला माणूस त्यात जातो.

हे सगळं तू वाचलेलं आहेस, मला खात्री आहे. पण त्या रात्री तिथे तू एकटी असशील. डॉक्टर फोन उचलतील किंवा उचलणार नाहीत. ही विषबाधेची केस, म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस), पोलिसांना कळवायची. कागदावर नाव एकाचं, अक्षर दुसऱ्याचं. माणूस वाचला तर कुणी विचारणार नाही. गेला तर पहिला प्रश्न येईल की रात्री रुग्णाला तपासलं कुणी. त्या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नसेल, कारण कायद्याच्या लेखी तू तिथे नव्हतीसच. 'सही माझी' म्हणणारे डॉक्टर त्या दिवशी काय म्हणतील याचा अंदाज तुलाही आहे, म्हणून तर पत्र लिहिलंस.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यात कलम 34 आहे. नोंदणी नसताना वैद्यकी केली तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बॅचमधले काही जण करतात आणि अजून काही झालं नाही, हे खरं असेल. पण एक गुन्हा दाखल झाला तर पुढे महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणीला जाशील तेव्हा तो तुझ्या आधी तिथे पोचलेला असेल. सहा प्रश्नांवर असलेली मुलगी कायमची बाहेर फेकली जाईल. आणि कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी तो जीपमधून आलेला माणूस उरतोच. त्याच्या बायकोला वाटतंय की समोर डॉक्टर आहे. तो विश्वास तुझ्या नावावर, तुझ्या नोंदणीच्या नंबरावर मिळाला पाहिजे.

त्या डॉक्टरांना साधं सांग: 'सर, नोंदणी झाली की पहिली ड्युटी तुमच्याकडेच करीन, आत्ता नको.' कारणं देत बसू नकोस. ते तुझ्या वडिलांच्या ओळखीचे असतील तर वडिलांना आधी सांगून ठेव, म्हणजे परस्पर त्यांच्याकडून होकार जाणार नाही.

आता त्या फोनवाल्याबद्दल. डिसेंबर 2022 मध्ये सीबीआयने परदेशात शिकून आलेल्या 73 जणांवर आणि 14 राज्यांच्या वैद्यकीय परिषदांच्या संदर्भात गुन्हा नोंदवला. आरोप हाच की ही स्क्रीनिंग परीक्षा पास न होता नोंदण्या झाल्या. निकाल परीक्षा मंडळाकडे असतो, परिषद तो ताडून बघू शकते, आज नाही तर पाच वर्षांनी. त्या माणसाचा नंबर ब्लॉक कर. त्याने पाठवलेले मेसेज मात्र पुसू नकोस, पुढेमागे तक्रार करायची वेळ आली तर लागतील.

परीक्षा अन्यायाची आहे का? यावर मी तुला गोड बोलणार नाही आणि झटकूनही टाकणार नाही. तुझ्या रागात तथ्य आहे. दिंडोरी रोडला म्हसरूळला आपल्या राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, 1998 पासून. त्या विद्यापीठाचा विद्यार्थी शेवटच्या वर्षाची परीक्षा देतो, वर्षभराची इंटर्नशिप करतो आणि नोंदणी घेतो. त्याला तुझ्यासारखी तीनशे प्रश्नांची वेगळी परीक्षा नाही. तुला आहे. डोळ्यांना खुपणारच. पण हाच विद्यार्थी उद्या अमेरिकेला गेला तर त्याला युएसएमएलईच्या पायऱ्या चढाव्या लागतात, इंग्लंडला गेला तर प्लॅब. आपल्या पदव्या तिथे चालत नाहीत, पुन्हा तपासून घेतात. कारण ज्या देशात रुग्ण बघायचे तिथले आजार, तिथली औषधं, तिथली व्यवस्था माहीत आहे की नाही, हे त्या देशाला बघावंच लागतं. आपल्याकडे ही परीक्षा 2002 मध्ये सुरू झाली त्याचं कारणही तेच. बऱ्याच सत्रांत चार-पाच जणांतला एकच पास होतो, तेव्हा नापास होणारी सगळी मुलं कच्ची असतात असं मी अजिबात मानत नाही. पण मग प्रश्न उरतो की अंतर नेमकं पडतं कुठे.

बिश्केकमधल्या वॉर्डात रुग्ण किर्गिझ नाहीतर रशियन बोलत असणार. तू शिकलीस इंग्रजीत. म्हणजे रुग्णाला 'कधीपासून दुखतंय' हे स्वतः विचारण्याची संधी तुला किती वेळा मिळाली असेल? शिवाय मधली दोन वर्षं कोविडची, अर्धं शिक्षण मोबाईलच्या स्क्रीनवर. आणि तिथल्या अभ्यासक्रमात भारताचा लसीकरण तक्ता कशाला असेल, आशा सेविका कुठून येईल, क्षयरोगाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिना किती मिळतात हे कोण शिकवणार? (1000 रुपये, नोव्हेंबर 2024 पासून, आधी 500 होते.) ही परीक्षा तेच विचारते. तुझं पीएसएम 12 वर अडकलंय यात मला नवल वाटत नाही. हुशारी कमी पडलेली नाही, तो विषय तुला कुणी शिकवलेलाच नाही.

म्हणून आता गुणांची वाटणी समोर ठेव. तीनशे प्रश्न, एकाच दिवशी, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला अडीच तास. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मेडिसिन 33, सर्जरी 32, गायनिक 30, पीएसएम 30, पेडिॲट्रिक्स 15. या पाच विषयांतच 140 झाले. डोळे आणि ईएनटी पंधरा-पंधरा. आणि ज्या ॲनॅटॉमीपासून तू दर वेळी 'नीट सुरुवात' करतेस, ती 17 गुणांची आहे. फिजिऑलॉजी 17, बायोकेम 17. ही तिन्ही पहिल्या वर्षाची आहेत म्हणून आपण त्यांच्यापासून सुरुवात करतो, सवयीने. जोर असतो तेव्हा ॲनॅटॉमीचे नकाशे काढून होतात आणि 30 गुणांचं पीएसएम येतं तोवर परीक्षा दहा दिवसांवर आलेली असते. या वेळी क्रम उलटा कर. पीएसएम आणि गायनिक पहिले. ॲनॅटॉमी शेवटी, तीही फक्त जुन्या प्रश्नांतून.

मी नोकरीभर पीएसएमच शिकवत आले आहे, तेव्हा या विषयावर जरा जास्त बोलेन, पण मला खरंच वाटतं की तुझे सहा प्रश्न इथेच आहेत, आणि त्यांच्या मागे आणखी सहा. आणि हा विषय खोलीत बसून व्हिडिओ बघून लक्षात राहत नाही. तुझ्या गावाला उपकेंद्र असेल, नसेल तर शेजारच्या गावाला आहे. ज्या दिवशी लसीकरणाचं सत्र असतं त्या दिवशी तिथल्या सिस्टरना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून जा. हात लावायचा नाही, औषध सांगायचं नाही, फक्त बघायला बसायचं. पोलिओच्या बाटलीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग एक झाला, किंवा चौकोन गडद झाला, की ती बाटली टाकायची. हे पुस्तकात चार चित्रांत असतं आणि परीक्षेत तेच चित्र येतं. पण सिस्टरने लशीच्या थंड पेटीतून बाटली काढून उजेडाकडे धरून बघितलेली एकदा पाहिलीस की पुन्हा पाठ करावं लागणार नाही. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, पातळ करून घेतली की चार तासांत वापरायची आणि उरली तर टाकायची. का टाकायची ते तिलाच विचार. कुठल्या लशी गोठल्या तर वाया जातात तेही विचार. समोरच्या बाईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड असेल, ते मागून घे. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना काय काय दिलं, नऊ महिन्यांना काय, कुठला रकाना रिकामा आहे आणि का. बाईला विचार, लोहाच्या गोळ्या घेतल्या का, किती दिवस घेतल्या, का सोडल्या. उत्तर मराठीत मिळेल. बिश्केकला तुला जे करता आलं नाही ते हेच.

घरी वडिलांच्या औषधाच्या कपाटाजवळ जाऊन बाटल्यांवरची लेबलं बघ. प्रत्येकावर रंगीत त्रिकोण आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा, या क्रमाने विषारीपणा कमी होत जातो. लहानपणापासून तू तो त्रिकोण बघत आलीस. त्याच्यावर फॉरेन्सिकमध्ये प्रश्न येतो, फार्मात येतो, मेडिसिनमध्ये येतो आणि पीएसएममध्येही येतो. दिल्लीच्या क्लासमध्ये शेजारी बसलेल्या मुलाला तो पाठ करावा लागतो. तुझ्या घरी तो फळीवर आहे. सर्पदंशाचंही तसंच. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, काचेची स्वच्छ कोरडी नळी, हलवायची नाही. तुमच्या भागात साप चावलेला माणूस माहीत नाही असं घर सापडणार नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बाजूला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, त्याचं राष्ट्रीय अभियान 2023 मध्ये सुरू झालं. हे विषय तू तुझ्या जिल्ह्याशी जोडून वाच.

नवीन क्लास लावू नकोस, नवीन ॲपही घेऊ नकोस. जे नोट्स आहेत तेच. व्हिडिओ बंद, प्रश्न सुरू. ग्रँड टेस्ट दिल्यावर गुण बघून वही मिटायची नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक शब्द लिही: 'माहीत नव्हतं', 'विसरले' किंवा 'वाचण्यात चूक'. चार टेस्टनंतर त्या वहीत तुला दिसेल की तुझे गुण कुठे गळतात. 144 वाल्या मुलींचे पुष्कळदा तिसऱ्या कारणाने जातात, 'एक्सेप्ट' आणि 'नॉट' न वाचल्यामुळे. दिल्लीला परत जायची गरज मला वाटत नाही. घरात अभ्यास होत नसेल, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चौकशांनी जीव नकोसा होत असेल, तर नाशिकमध्ये अभ्यासिका आहेत. महिन्याच्या पासाने रोज ये-जा कर.

'नेक्स्ट'साठी थांबू नकोस. 2019 च्या कायद्यात ती आहे. जून 2023 मध्ये नियम आले, जुलैमध्ये पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. ती आली तर सगळ्यांना एकच परीक्षा होईल आणि तुझ्या तक्रारीतला अन्याय बराच दूर होईल, म्हणून मलाही ती यावी असं वाटतं. पण तिची वाट बघत जून आणि डिसेंबरची सत्रं हातची घालवायची नाहीत. नवी परीक्षा सोपी असेल असं कुणीही तुला सांगू शकत नाही, आणि जुनीच्या तू सहा प्रश्नांवर आहेस.

पैशाचं काय, हा प्रश्न राहतोच. अर्धा दिवस काम कर, पण आपल्या खऱ्या नावाने करता येईल असं. नाशिकमध्ये नीटचे क्लास पुष्कळ आहेत आणि त्यांना जीवशास्त्र शिकवणारी माणसं हवी असतात. अकरावी-बारावीच्या मुलांना तू सकाळी हृदय आणि मूत्रपिंड शिकवलंस तर तुझी फिजिऑलॉजीही ताजी राहील. विम्याच्या क्लेमची कागदपत्रं तपासणं, मेडिकल कोडिंग, क्लिनिकल रिसर्चमधली समन्वयाची कामं, हेही आहे. त्यात पैसे कमी मिळतील, पण झोप लागेल. बँकेत जाऊन शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांबद्दल स्वतः बोल. वडिलांना पुढे करू नकोस. परीक्षेचा निकाल, पुढच्या सत्राचा अर्ज, असे कागद घेऊन गेलीस तर मुदत वाढवून मिळते का, हे निदान विचारता येतं. हप्ते थकले की मग बोलणं अवघड होतं.

किती वेळा द्यायची? नियमाने कितीही वेळा देता येते. माझं मत विचारशील तर आणखी दोन सत्रं, पद्धत बदलून. पद्धत तीच ठेवणार असशील तर एकही नको. दोन सत्रांनंतरही नाही झालं तर सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण किंवा रुग्णालय व्यवस्थापन याकडे वळ. तिथे तुझी पदवी वाया जात नाही आणि कुणाची सही उसनी घ्यावी लागत नाही. ही तारीख आत्ताच वहीत लिही, म्हणजे प्रत्येक निकालानंतर सगळं आयुष्य पुन्हा तराजूत घालावं लागणार नाही.

वडिलांशी बोल. फाटकावरच्या पाटीवर नको बोलूस, आकड्यांवर बोल. शेतकरी माणसाला आकडे कळतात. 118, 139, 144, लागतात 150. कुठे कमी पडते, काय बदलणार आहे, खर्च किती, किती महिने. आणि पास झाल्यावर लगेच दवाखाना टाकता येत नाही, पुढे इंटर्नशिप आहे, हेही सांग. माझा अनुभव असा की घरच्यांना नापास होण्यापेक्षा अंधारात राहण्याचा त्रास जास्त होतो. पाटी काढायची की ठेवायची हे त्यांच्यावर सोड. पण गावातलं कुणी 'बाई, तापाची गोळी सांगा' म्हणत आलं तर 'अजून नोंदणी व्हायचीय, केंद्रावर चला, मी सोबत येते' हे वाक्य तोंडात बसवून घे. एकदोनदा जड जाईल. नंतर लोकच सांगतील की ती परीक्षेचा अभ्यास करतेय.

लग्नाबद्दल थोडंच. करावंसं वाटलं तर जरूर कर, सुटका म्हणून करू नकोस. बायोडाटात 'एमबीबीएस, परदेश. परवान्याची परीक्षा बाकी' असं स्पष्ट लिहायला लाव. ते वाचून जे स्थळ मागे फिरेल ते नंतर रोज टोमणे मारणारं ठरलं असतं. आणि होणाऱ्या घरी आधीच विचार की अभ्यासाला दिवसाचे सहा तास मिळतील का. 'बघू' असं उत्तर आलं तर ते नाही समज.

हे सदर वाचणाऱ्या आईवडिलांनाही इथेच सांगते, कारण या वर्षीही नाशिकमधून मुलं जाणार आहेत. 18 नोव्हेंबर 2021 नंतर परदेशी प्रवेश घेणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, भारतात परत आल्यावर आणखी 12 महिने, आणि त्या देशात तिथल्या नागरिकासारखी वैद्यकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता. सगळं दहा वर्षांच्या आत. एजंट वसतिगृहातल्या भारतीय जेवणाचे फोटो दाखवतो. त्याला या पाच गोष्टी लेखी मागा. एक जरी नसेल तर मुलगी सहा वर्षांनी परत येईल आणि तिला परीक्षेलाच बसता येणार नाही. तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी, एजंटने दिलेला नंबर सोडून, दुसरीकडून ओळख काढून बोला. रुग्णाशी कुठल्या भाषेत बोलता, हा एकच प्रश्न विचारलात तरी पुष्कळ कळेल.

तुझ्याकडे परत येते. तू 2018 ची, त्यामुळे ते नवे नियम तुला नाहीत. पण कोविडमधल्या ऑनलाइन वर्गांमुळे काही जणांना भारतातली इंटर्नशिप वाढवून करावी लागली आहे. तेव्हा कुठले वर्ग ऑनलाइन झाले, त्यांची प्रत्यक्ष भरपाई कधी झाली, याचं पत्र विद्यापीठाकडून आत्ताच मागव. पास झाल्यावर मागवायला गेलीस तर तीन महिने त्यातच जातील. पदवी भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून घेतलेली आहे ना, ते बघ. जुना पासपोर्ट शिक्क्यांसकट जपून ठेव, किती काळ तिथे होतीस त्याचा तोच पुरावा. पास झालीस की परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप, मग कायमची नोंदणी. परदेशी पदवीधरांसाठी इंटर्नशिपच्या जागा ठरावीक असतात. विद्यावेतन इथल्या विद्यार्थ्यांइतकंच द्यावं अशा आयोगाच्या सूचना आहेत. कुणी उलट तुझ्याकडेच पैसे मागितले तर देऊ नकोस, लेखी मागणी कर म्हणावं. जागा निवडायला मिळाली तर सिव्हिलसारखं मोठं सरकारी रुग्णालय घे. खासगीत चहाची वेळ मिळते, पण ॲट्रोपिन कुठे थांबवायचं ते सरकारी कॅज्युअल्टीत कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवतं.

पुढच्या सत्राच्या अर्जाची मुदत लहान असते. खिडकी उघडली की पहिल्याच आठवड्यात भर, आणि फोटो-सहीच्या मापासाठी माहितीपत्रक नीट वाच, त्यातल्या चुकांनी अर्ज अडकतात. आणि या आठवड्यात उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन करून लसीकरणाचा दिवस विचार.